गठरीवाल्याचा चौथा टप्पा

शरदभिया एका जागी बसलेले देवासात कुणी पाहिले असतील, तर त्यांनी हात वर करावा. जेवताना मध्येच उठून पंख्याची कुरकुर बघणार, चहा अर्धा टाकून नळाचा वायसर काढणार, पाहुणे आलेले असताना दाराची बिजागरी तेल मागतेय म्हणून तेलाची बुधली शोधत फिरणार. त्यांची बायको अल्पना वैतागून म्हणायची, "अहो, बूड टेका की जरा. खुर्ची काय चावते का तुम्हाला?" माणूस मूळचा इचलकरंजीचा. एक्क्याऐंशी साली कारखान्याच्या नोकरीसाठी इकडे माळव्यात आला, आणि इथे भावाला भिया म्हणतात, म्हणून दोन वर्षांत शरदरावांचे शरदभिया झाले ते कायमचे.

फक्त एका ठिकाणी हा माणूस शांत असायचा. गिअरच्या कारखान्यात टूलरूममध्ये त्यांचं तपासणीचं काम होतं. मायक्रोमीटर हातात आला की पाय हलायचे थांबत, श्वाससुद्धा बेतानं चाले. एकदा दोन शतांश मिलिमीटरच्या फरकासाठी त्यांनी अख्खा लॉट परत पाठवला. मॅनेजर थयथयाट करून गेला, हे ढिम्म. तेव्हापासून कारखान्यात बोललं जाऊ लागलं, "शरदभिया ने बोल दिया तो बोल दिया, दुबारा नापने की जरूरत नहीं." या एका वाक्यावर शरदभियांची छाती फुगायची. फुगू द्या. पण पुढची हकीकत याच खऱ्याच्या पुतळ्याची आहे, तेवढं लक्षात असू द्या.

पंचाण्णवच्या मे महिन्यात अल्पनाचा भाऊ मानाजी मस्कतहून सुट्टीवर आला आणि भाचीसाठी हातात मावणारा व्हिडिओ गेम घेऊन आला. भाची म्हणजे नीरजा, अकरा वर्षांची, एकुलती एक. राखाडी रंगाचा डबा, साबणाच्या डबीपेक्षा थोडा मोठा. चार छोटे सेल घालायचे की कडेला लाल दिवा लागायचा आणि शेवाळी पडद्यावर एक ठेंगणा माणूस उभा राहायचा. त्याच्या पाठीवर गाठोडं. त्यानं खांबांवरून, तरंगत्या दगडांवरून उड्या मारत चार टप्पे पार करायचे. तीन वेळा पडला की खेळ खलास. नीरजा हिंदी शाळेत जाणारी, तिनं त्याचं नाव ठेवलं गठरीवाला. या यंत्रात एक खोड होती. बंद केलं की सगळं पुसलं जायचं आणि पुन्हा पहिल्या खांबापासून सुरुवात. मध्ये उठायचंच असेल तर एक बटण दाबून गठरीवाल्याला आहे तिथे थिजवून ठेवायचं, पण दिवा चालू, सेल खर्ची.

जुलैत नीरजाला गणितात शंभरात एकोणीस मिळाले. शरदभियांनी यंत्र काढून घेतलं आणि आपल्या हत्यारांच्या पेटीत घालून कुलूप लावलं. "छमाही परीक्षा होऊ दे, मग मिळेल," म्हणाले. पोरीनं दोन दिवस तोंड फुगवलं, मग गुमान पाढे म्हणायला लागली. पोर गुणी होती हो!

आणि बाप? बाप पहिल्या पाळीहून साडेतीनला घरी यायचा. नीरजा शाळेत, अल्पना शिवणाच्या क्लासात. एके दिवशी भियांनी पेटी उघडली कानस शोधायला. यंत्र हाताला लागलं. 'बघू तर खरं, पोरीचं डोकं कशात अडकतं ते,' असं मनाशी म्हणत चालू केलं. झालं! ज्या माणसाला खुर्ची चावायची, तो मागच्या पायरीवर पाऊण पाऊण तास खिळून बसू लागला. बाजारातून सेल आणायचे ते टॉर्चच्या नावाखाली. अल्पना म्हणाली, "टॉर्च खातेय की काय सेल?" हे म्हणाले, "आजकाल माल हलका येतो."

तिसऱ्या टप्प्यापर्यंत ते पोचायचे. तिथे पाण्यावर सरकणारे दगड होते. एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि बरोबर मधल्या क्षणी उडी मारायची. दोन महिने गठरीवाला तिथे पाण्यात पडत होता. कारखान्यात काम करतानाही भियांचा अंगठा आपोआप हलायचा. हे सगळं बायकोला सांगायचं म्हणजे काय तोंडानं? पोरीच्या हातून ओढून घेतलेलं खेळणं बाप चोरून खेळतो, ही काय सांगायची गोष्ट आहे?

मग खंडेनवमी आली. आता अल्पनाचं माहेर धारचं. पणजोबा तिथल्या संस्थानिक पवारांच्या शस्त्रागारात तलवारींना धार लावायला होते. राज्य गेलं, तलवारी गेल्या, पण खंडेनवमीचा दरारा काही गेला नाही. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत कुणी बोट लावायचं नाही. हत्यारावर हात ठेवून कुणी खोटं बोललं तर त्या घराचं वाटोळं होतं, हे अल्पनाला तिच्या आईनं, यमुनाबाईंनी, दुधाबरोबर पाजलेलं. देवासात तलवार नव्हती म्हणून ती नवऱ्याची पेटी पूजायची. वर्नियर, मायक्रोमीटर, कानशी, हातोडी, पेचकस, सगळं मांडायची.

त्या सकाळी अल्पना न्हाणीघरात होती, तेवढ्यात भिया मागच्या पायरीवर यंत्र घेऊन बसले. आणि काय आक्रीत, गठरीवाला सरकते दगड ओलांडून गेला! चौथा टप्पा! पडद्यावर नवीच भिंत, नवेच खांब. इतक्यात आतून हाक आली, "अहो, पेटी ठेवा इकडे, आणि आंघोळीला जा आधी. पारोसे फिरू नका." बंद करवेना. दोन महिन्यांची कमाई होती ती! त्यांनी गठरीवाल्याला थिजवलं, यंत्र पेटीत तळाशी फडक्याखाली सारलं आणि मनात म्हणाले, दोन तांबे घेतो आणि येतो, तोवर ती फुलं निवडत बसेल.

ती फुलं निवडत बसली नाही. भिया ओल्या डोक्यानं बाहेर आले तर पाट मांडून झालेला. वर्नियर, मायक्रोमीटर, कानशींची रांग, आणि मधोमध गठरीवाल्याचं यंत्र. त्यावर कुंकवाचं बोट, हळद, अक्षता, पळीभर पाणीसुद्धा. "हेही यंत्रच की, राहू दे पूजेत," अल्पना समाधानानं म्हणाली. मग तिची नजर गेली. "अगंबाई, हे चालू कसं?"

कडेचा लाल दिवा पेटलेला होता.

"नीरू!" अल्पनानं हाक मारली. "तू पेटी उघडलीस?"

"नाही आई. मैंने हाथ भी नहीं लगाया."

"मग काय भुतानं लावलं? किल्ली आरशामागे असते, तुला माहीत आहे."

"नाही गं आई, खरंच नाही."

"ठेव हात. हत्यारांवर हात ठेवून सांग."

नीरजानं वर्नियरवर हात ठेवला. नवं परकर पोलकं, केसांतून पाणी गळतंय. "मी चालू नाही केलं," ती म्हणाली. अल्पनानं दाराकडे बघितलं. तिथे शरदभिया उभे. "अहो, तुम्ही दिलं होतंत का हिला?"

आता बघा हं. इथे एक वाक्य बोलायचं होतं. अगं, मीच खेळत होतो. बस, एवढंच. बायको हसली असती, चार दिवस चिडवलं असतं, संपलं असतं. पण भिया म्हणाले, "नाही." मोजून मापून खरं उत्तर! दिलं नव्हतंच त्यांनी. शतांशाचाही फरक नाही. आणि ते 'नाही' तोंडातून बाहेर पडताच अल्पनाचा हात पोरीच्या गालावर बसला. मारापेक्षा आवाज मोठा झाला. "हत्यारावर हात ठेवून खोटं बोलतेस? माझ्या घरात?"

नीरजा रडली नाही. ती बापाकडे बघत राहिली. आणि बाप कुठे बघत होता? दिव्याकडे. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला त्यांच्या मनात पहिला विचार हाच आला की आता उद्यापर्यंत हात लावता येणार नाही आणि दुपारपर्यंत सेल संपतील. दुपारी दिवा विझला. मूग गिळून बसलेला माणूस मग उठून बिजागऱ्यांना तेल घालत फिरला. "या यंत्रानं पोरीला खोटी शपथ घ्यायला लावली, घरात नको ते," म्हणून अल्पनानं दसऱ्यानंतर ते धारला आईकडे पाठवून दिलं. टाकून द्यायचं तर पूजेला बसलेली वस्तू भंगारात टाकत नाहीत. नीरजानं ते पुन्हा कधी मागितलं नाही.

वर्षं गेली. भिया रोज उद्या सांगू म्हणायचे, मग दर खंडेनवमीला पुढच्या वेळी म्हणायचे, मग तेही म्हणेनासे झाले. दोन हजार चार साली कारखान्यानं जुन्या माणसांना पैसे देऊन घरी बसवलं. घरी बसवलं म्हणजे काय, हा माणूस बसतोय! औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडे मापं घ्यायला जाऊ लागले. नीरजा शिकून पुण्याला नोकरीला लागली आणि दोन हजार आठ साली तिचं लग्न ठरलं.

बोलणी देवासच्याच घरी झाली. चहा पोहे झाले, हसणं खिदळणं सुरू झालं, आणि अल्पनानं व्याह्यांना गंमत सांगितली. "आमची नीरू लहानपणी पक्की खोटारडी हो! खंडेनवमीला हत्यारावर हात ठेवून खोटी शपथ घेतली होती. एवढ्याशा गेमसाठी!" व्याही हसले. होणारी सासू हसत म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, आता आमच्याकडे शपथ घालताना जपून." नीरजाही हसली. तिला हसण्याची सवय झाली होती. गेली तेरा वर्षं ही गोष्ट प्रत्येक पाहुण्यापुढे निघत होती.

भिया उठून अंगणात गेले. आजवर ती गोष्ट घरातल्या घरात होती. आता ती पोरीबरोबर सासरी निघाली होती. तिकडे एखादा दागिना इकडेतिकडे झाला, दुधाचं भांडं सांडलं, की त्या बाईला आधी हीच गोष्ट आठवणार. लग्नाआधी बोललं पाहिजे. बोललंच पाहिजे. आणि तोंड उघडायचं म्हटलं की हात तेलाची बुधली शोधायला लागायचे.

जुलैत ते सासूबाईंना भेटायला धारला गेले. यमुनाबाई आता ऐंशीच्या, माळ्यावरच्या पेट्या रिकाम्या करायला बसल्या होत्या. लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी त्यांनी जावयाच्या हातात दिलं. "हे तुमचं घ्या, शरदराव. आमच्याच्यानं टाकवेना." परतीच्या बसमध्ये भियांनी फडकं सोडलं. कुंकू वाळून काळं पडलं होतं, बटणांच्या फटीत हळद बसली होती. इंदूर येईपर्यंत ते तीनदा जागेवरून उठले. शेजारचा म्हणाला, "क्या हुआ भिया, उतरना है क्या?"

घरी त्यांनी पेचकस घेऊन यंत्र खोललं. दातांच्या ब्रशनं आणि स्पिरिटनं हळद काढली, गंजलेल्या पट्ट्या कानशीनं घासल्या. चार सेल घातले. दिवा लागला. शेवाळी पडद्यावर गठरीवाला उभा, जसाच्या तसा, एका दिवसानंही म्हातारा न झालेला. भियांचं मात्र चष्म्याशिवाय चालेना.

आणि त्यांनी मनाशी सौदा केला. खेळ पुरा झाला की सांगायचं. चौथा टप्पा पार, की त्याच दिवशी पुण्याला फोन. का म्हणून विचाराल तर ते त्यांनाही सांगता आलं नसतं. भित्र्या माणसाला काहीतरी निमित्त लागतं, झालं. अल्पना कपाळाला हात लावून म्हणायची, "पोरीच्या लग्नाच्या याद्या करायच्या सोडून हे बघा काय करताहेत! हेच ना ते, कार्टीनं खोटी शपथ घेतली ते?" भिया 'हं' म्हणायचे. अंगठा घसरायचा. गठरीवाला पाण्यात.

नवल म्हणजे खेळ छोटा होता. त्यांच्या आठवणीत तो मैलच्या मैल पसरलेला होता. ते सरकते दगड डोंगराएवढे होते. आता बघितलं तर पाच दगड, दोन खांब, की टप्पा संपला. गणेशोत्सवात ते चौथ्या टप्प्यात पोचले. नवरात्रात टेकडीवर देवीला जाऊन आले आणि तिथेही ओळीत उभ्या उभ्या अंगठा हलत होता. पण चौथा टप्पा काही पार होईना, आणि त्याला कारण एकच. खेळ संपत आला होता आणि तो संपलेला त्यांना नको होता.

दिवाळीनंतर आठवड्यानं तो संपला. दुपारचे चार वाजले असतील. गठरीवाला शेवटच्या भिंतीवरून उडी मारून पलीकडे गेला, त्यानं गाठोडं खाली ठेवलं, हात हलवला, इंग्रजीत दोन शब्द आले. मग गाठोडं पुन्हा पाठीवर, आणि पहिला खांब. तोच खेळ, थोडा वेगानं. बस. पलीकडे काहीच नव्हतं.

"एवढ्यासाठी?" शरदभिया मोठ्यानं म्हणाले. पायरीवर एकटेच होते. एवढ्यासाठी त्यांनी आपल्या अकरा वर्षांच्या पोरीचा शब्द विकला होता. यंत्र बाजूला ठेवून त्यांनी फोन उचलला, नंबर फिरवला, आणि नीरजा "हां बाबा, बोला" म्हणाली तेव्हा विचारलं, "पत्रिका मिळाल्या का?"

असा हा माणूस!

धारला केळवण होतं. यमुनाबाईंचा हट्ट, नातीला लग्नाआधी आपल्या घरी जेवू घालायचं. नीरजा पुण्याहून सुट्टी काढून आली. मानाजी मस्कत सोडून कायमचा परतला होता, त्यानं पंगत मांडली. नीरजा पाटावर, रांगोळी, पुरणपोळी, समोर दहाबारा नातलग. अल्पना तूप वाढत फिरत होती. भिया दोन घासांत एकदा उठत होते. कधी पाण्याचा तांब्या, कधी खिडकी. कुणी लक्ष देईना, त्यांचं ते नेहमीचंच.

मानाजी म्हणाला, "नीरू, तुला तो मस्कतचा गेम आठवतो का गं?"

"आठवेल नाही तर काय!" अल्पना तुपाची वाटी हातात घेऊन थांबली, हसायला लागली. "अरे, त्याच्यापायीच तर बाईसाहेबांनी खंडेनवमीला..."

"मी चालू केलं होतं."

कुणाला आधी कळलंच नाही कोण बोललं. शरदभिया खिडकीपाशी उभे होते, उष्ट्या हातानं.

"तो गेम. मी चालू केला होता, मीच खेळत होतो. रोज खेळायचो. नीरूनं हात लावला नव्हता." "तू विचारलंस, हिला दिलं का. मी नाही म्हणालो. दिलं नव्हतं म्हणून नाही म्हणालो. मला माहीत होतं तू काय समजशील ते."

यमुनाबाईंनी कानाजवळ हात नेऊन विचारलं, "काय म्हणतायत जावई?"

नीरजा बापाकडे बघत होती. चिडेल, ताट सारेल, असं भियांना वाटलं होतं. तशी मनाची तयारी करून ते उभे होते. ती हळूच म्हणाली, "म्हणजे... मी खरं बोलत होते?"

"हो गं बाळा."

"बाबा, नक्की ना? क्योंकि मुझे तो..." ती थांबली. घास तसाच हातात होता. "मला तर वाटायला लागलं होतं की मीच केलं असणार. आई इतक्यांदा सांगायची ना. मला ते आठवायला पण लागलं होतं, किल्ली काढलेली, पेटी उघडलेली. होस्टेलमध्ये कुणाचं काही हरवलं की मी आधी माझीच बॅग तपासायचे. सगळे झोपले की. मला माझा भरवसाच नव्हता, बाबा."

भियांना 'माफ कर' म्हणायचं होतं, ते ओठांपर्यंत आलं आणि फार लहान वाटलं.

"तुम्ही सांगायचं होतं," नीरजा म्हणाली. आता तिचा आवाज चढला. "एकदा तरी! मी किती वेळा तुमच्याकडे बघितलं होतं."

"हो," भिया म्हणाले. "बघितलं होतंस."

अल्पनानं तुपाची वाटी जमिनीवर ठेवली. नवऱ्याकडे तिनं मान वळवूनही पाहिलं नाही. पंगतीत, सगळ्या नातलगांसमोर, जरीची साडी रांगोळीत गेली तरी ती पोरीच्या पाटासमोर खाली बसली.

"मी मारलं होतं ना गं तुला?" ती म्हणाली. "कुठल्या गालावर?"

"डाव्या," नीरजा म्हणाली. तेरा वर्षं झाली होती, पण तिला आठवावं लागलं नाही.